स्मृतिचिन्हाची मागची बाजू

सत्कारात मिळालेली भेटवस्तू हा आपल्याकडे बहुतेक वेळा चेष्टेचा विषय असतो. शाल कपाटात जाते, श्रीफळ स्वयंपाकघरात जाते आणि लाकडी चौकटीतले स्मृतिचिन्ह माळ्यावर. पुढच्या पिढीने घर आवरायला घेतले की ते रद्दीवाल्यालाही नको असते. रोटरीचे संस्थापक पॉल हॅरिस यांना देशोदेशींच्या क्लबांकडून अशा वस्तू आयुष्यभर मिळत गेल्या, आणि शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टन गावातल्या मुख्यालयाने संस्थेच्या आरंभाच्या खुणा जपण्यासाठी जागा आणि पैसा खर्च केला आहे. हा खर्च योग्य आहे असे माझे मत आहे, पण त्यासाठी जे कारण सहसा दिले जाते ते मला पटत नाही. ‘थोर माणसाच्या हाताचा स्पर्श झालेली वस्तू’ ही भावना समजण्यासारखी असली तरी इतिहासाच्या कामाची नाही. भेटवस्तू घेणाऱ्याबद्दल फारच थोडे सांगते. देणारा कोण होता, त्याने कधी दिली आणि त्या वेळी तो स्वतःला काय समजत होता, हे ती पुष्कळ सांगते. म्हणून या वस्तू देव्हाऱ्यातल्या टाकांसारख्या मांडण्यापेक्षा दस्तऐवज म्हणून वाचायला हव्यात.

हॅरिस यांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे, कारण त्यांच्याकडे मान होता, सत्ता जवळजवळ नव्हती. १८६८ साली विस्कॉन्सिनमधल्या रासीन गावी जन्मलेला, व्हरमाँटमधल्या वॉलिंगफर्डला आजीआजोबांकडे वाढलेला हा माणूस १८९१ मध्ये आयोवातून वकील झाला, पाच वर्षे भटकला आणि १८९६ मध्ये शिकागोत वकिली करू लागला. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी तिथेच रोटरीची चार जणांची पहिली बैठक झाली. १९१० ते १९१२ अशी दोन वर्षे ते राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. पुढे संघटनेचा गाडा हाकला तो सचिव चेस्ली पेरी यांनी, तोही १९४२ पर्यंत. हॅरिस यांच्या वाट्याला मानद अध्यक्षपद, पत्रव्यवहार, भाषणे आणि प्रवास आला. त्यांना भेट देऊन कुणाचे टेंडर मंजूर होणार नव्हते की कुणाची बदली थांबणार नव्हती. अशा माणसाला दिलेल्या वस्तूत हिशेब कमी आणि स्वतःची ओळख करून देण्याची हौस जास्त असते. आमचे गाव कुठे आहे, आमच्याकडे काय पिकते, आमचा कारागीर काय घडवतो, आणि तुमच्या संघटनेत आम्हीही आहोत, एवढे सगळे त्या लहानशा वस्तूला सांगायचे असते. फ्रान्स, ब्राझील, चिली, पेरू अशा देशांच्या सरकारांनी त्यांना मानचिन्हे दिली, अमेरिकेच्या स्काउट संघटनेने ‘सिल्व्हर बफेलो’ दिला. मानचिन्हांची यादी चरित्रात सापडते. दूरच्या एखाद्या लहान क्लबाने पाठवलेली वस्तू मात्र चरित्रात येत नाही, ती फक्त संग्रहातच उरते.

दस्तऐवज म्हणून वस्तू वाचायची म्हणजे काय, याचे उत्तम उदाहरण रोटरीच्या चाकात आहे. शिकागोतला खोदकाम करणारा मॉन्टेग्यू बेअर याने १९०५ मध्ये काढलेले पहिले बोधचिन्ह म्हणजे साधे गाडीचे चाक होते. पुढे त्याचे दातेरी चक्र झाले. १९२० नंतरच्या काही वर्षांत चोवीस दाते आणि सहा आरे ठरले. तेव्हा अभियंत्यांनी नेमके दुखणे दाखवले. या चक्राला आसाशी जखडून धरणारी चावीची खाच नाही, त्यामुळे हे चक्र कुठल्याही यंत्रात बसवले तरी काही फिरवू शकणार नाही! खाच काढली गेली आणि १९२४ मध्ये ते चिन्ह अधिकृत झाले. आता समजा, एखाद्या जुन्या पितळी पट्टीवर तारीख नाही, पण चक्राला खाच नाही. मग ती पट्टी १९२४ च्या आधीची असण्याचा संभव दाट. संघटनेचे नावही तसेच साक्ष देते. १९१० मध्ये ती ‘नॅशनल असोसिएशन’ होती, १९१२ मध्ये ‘इंटरनॅशनल असोसिएशन’ झाली आणि १९२२ पासून ‘रोटरी इंटरनॅशनल’. टेबलावर ठेवायच्या पाटीवर हर्बर्ट टेलर यांची ‘फोर-वे टेस्ट’ कोरलेली असेल, तर ती पाटी १९३२ च्या आधीची असूच शकत नाही, कारण ते चार प्रश्न त्यांनी त्या वर्षी आपल्या भांड्यांच्या कंपनीसाठी लिहिले. जुन्या वाड्याचा काळ विटांच्या मापावरून ठरवणाऱ्यांना ही पद्धत नवीन वाटणार नाही.

तारखेला इतके महत्त्व का द्यायचे, हे हॅरिस यांनी स्वतः दिलेल्या भेटीवरून कळते. ते जिथे जात तिथे मैत्रीचे झाड लावत. १९३२ मध्ये बर्लिनला आणि १९३५ मध्ये टोकियोला त्यांनी असे झाड लावले. (झाड ही भेट देणाऱ्याच्या दृष्टीने सोयीची. पाणी घालायची जबाबदारी यजमानावर पडते.) पण १९३७ मध्ये नाझी राजवटीत जर्मनीतले क्लब बंद झाले, १९४० मध्ये जपानचे क्लब संघटनेतून बाहेर पडले, आणि दोन्ही देश १९४९ मध्ये परतले. या पार्श्वभूमीवर अशा देशातून मुख्यालयात १९३३ साली आलेली भेट आणि १९५० साली आलेली भेट या दिसायला अगदी सारख्या असल्या तरी त्यांचा अर्थ एक राहत नाही. पहिलीत तुटण्याआधीचा विश्वास आहे, दुसरीत नाते पुन्हा जोडण्याची धडपड. तारीख हरवली की दोन्ही शोभेच्या वस्तू होतात.

यावर पहिला आक्षेप व्यक्तिपूजेचा, आणि तो हलका नाही. सुरुवातीला आळीपाळीने एकेका सभासदाच्या कचेरीत भरलेल्या, दरवर्षी अध्यक्ष बदलणाऱ्या संघटनेने एका माणसाचे स्मारक का उभारावे? मुख्यालयात सर्वांत गाजलेली जागा आहे खोली क्रमांक ७११, जिथे पहिली बैठक झाली. ती खोली हॅरिस यांची नव्हतीच. ती खाण अभियंता गुस्टाव्हस लोअर याची कचेरी होती, आणि तो काही वर्षांतच क्लबमधून बाहेर पडला. शिकागोतली मूळ युनिटी बिल्डिंग पाडली जाणार म्हणून १९८९ मध्ये काही रोटेरियनांनी दारांपासून रेडिएटरपर्यंतचे सामान सोडवून ठेवले आणि पुढे ते इव्हॅन्स्टनला सोळाव्या मजल्यावर पुन्हा उभे केले. म्हणजे दार अस्सल, जागा नवी आणि बरेचसे फर्निचर त्या काळातले पण दुसरीकडचे. याला लबाडी म्हणण्याचे कारण नाही, मात्र कोणती वस्तू मूळ आणि कोणती त्या काळासारखी, हे पाहणाऱ्याला स्पष्ट सांगितले पाहिजे. आणखीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. या खोलीत सुरू झालेला क्लब आरंभी एकमेकांना गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्या व्यापाऱ्यांचा होता. सार्वजनिक सेवेचा आग्रह नंतर आला आणि शिकागोतले सार्वजनिक स्वच्छतागृह हे त्याचे सुरुवातीचे ठळक काम. स्त्रियांना तर १९८७ चा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत दार बंदच होते. नीट नोंद केलेला संग्रह व्यक्तिपूजेच्या आड येतो, कारण गौरवाला गैरसोयीची गोष्टही त्यात शिल्लक राहते.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो मी बराचसा मान्य करतो. २७ जानेवारी १९४७ रोजी हॅरिस वारले. फुलांऐवजी रोटरी फाउंडेशनला देणगी द्यावी ही त्यांची इच्छा होती. पुढच्या अठरा महिन्यांत सुमारे १३ लाख डॉलर जमले आणि पहिल्या तुकडीत १८ विद्यार्थी परदेशी शिकायला गेले. कुठलीही चांदीची तबकडी याची बरोबरी करणार नाही. क्लबांमध्ये एकमेकांना झेंडे देण्याची हौस इतकी वाढली होती की १९५९ मध्ये संचालक मंडळाने दोन गोष्टी बजावल्या: झेंड्यावर आपल्या गावाची ओळख दिसू द्या, आणि या देवाणघेवाणीचा क्लबावर आर्थिक बोजा पडू देऊ नका. तरीही वस्तूची ओढ सुटली नाही, हेही खरे. १९५७ मध्ये फाउंडेशनने हजार डॉलर देणाऱ्याला ‘पॉल हॅरिस फेलो’ म्हणायचे ठरवले, आणि त्यासोबत पिन मिळते. फुलांनाही नको म्हणणाऱ्या माणसाच्या नावाने पदकही निघाले. हातात धरता येईल असे काहीतरी माणसाला लागतेच, तेव्हा नव्या वस्तू कमी करा असे म्हणणे रास्त आहे. आधीच दिल्या गेलेल्या टाकून द्या असे त्यातून निघत नाही. फोटो काढून ठेवला की झाले, असेही काही जण म्हणतात. पण फोटोत मागचे खोदकाम, धातूचे वजन, दुरुस्तीची खूण दिसत नाही, आणि बिननावाच्या फोटोचे हाल बिननावाच्या वस्तूपेक्षा वेगळे होत नाहीत.

हा प्रश्न आपल्याही दारात आहे. भारतात रोटरी कोलकात्यात १९१९ साली आली, मुंबईचा क्लब १९२९ चा आणि पुण्याचा १९३६ चा. म्हणजे महाराष्ट्रातल्या जुन्या क्लबांची शंभरी जवळ आली आहे. दर १ जुलैला नवा अध्यक्ष येतो, पदग्रहणात गळ्यातली कॉलर, घंटा आणि हातोडा सुपूर्द होतो, आणि झेंड्यांची पेटी बहुधा जुन्या अध्यक्षाच्या घरीच राहते. अशा दहा-वीस बदल्यांनंतर काय कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा रोटरी, लायन्स, व्यायामशाळा, वाचनालय, ज्यांच्याकडे म्हणून अशी पेटी असेल त्यांनी कॉलरीबरोबर एक साधी नोंदवहीही सुपूर्द करावी. वस्तूला खडू किंवा गोंद न लावता सुती दोरीने चिठ्ठी बांधावी, आणि तीवर चार गोष्टी लिहाव्यात: कुणी दिली, कधी दिली, कशासाठी दिली, आणि ही माहिती कुणी सांगितली. ही उत्तरे ज्यांना माहीत आहेत ते ज्येष्ठ सभासद अजून बैठकीला येतात, तोवर हे उरकून घ्या.