पेशंट अजून खुर्चीतच आहे

पूर्वी आमच्या डेंटल लॅबमध्ये दुपारी दातांच्या मापांची पिशवी यायची. ओल्या कापसात गुंडाळलेलं अल्जिनेटचं माप आणि सोबत चिठ्ठी, ‘खालची उजवी सहा नंबर, कॅप’. अल्जिनेट सुकलं की आकसतं. माप आणणारा मुलगा ट्रॅफिकमध्ये अडकला, की आमच्या हाती येणारी दाढ पेशंटच्या तोंडातली उरलेलीच नसायची. त्यात प्लास्टर ओतायचं, मेणात दाढ कोरायची, धातू ओतायचा. आठवड्यानं फोन यायचा, “कॅप बसत नाही.” चूक मापात होती की आमच्या हातात, हे शोधायला काहीच उरलेलं नसायचं. काम मात्र आम्हीच फुकट पुन्हा करायचो. याचा मला फार त्रास व्हायचा.

मापाऐवजी आलेली पहिली स्कॅन फाइल उघडली तो दिवस मला लख्ख आठवतो. स्क्रीनवर दाढ जेवणाच्या ताटाएवढी दिसत होती, आणि घासलेल्या भागाची कड, आम्ही जिला मार्जिन म्हणतो ती, आतल्या बाजूनं हिरडीखाली गायब झाली होती. स्कॅनर म्हणजे शेवटी कॅमेराच. लाळ, रक्त, हिरडी आड आली की त्याच्यापुढे इलाज नाही. मी लगेच फोन लावला. “डॉक्टर, जिभेच्या बाजूची मार्जिन दिसत नाहीये.”

“थांबा, बाई अजून खुर्चीतच आहेत.”

त्यांनी हिरडीच्या कडेनं दोरा भरला आणि तेवढाच भाग पुन्हा स्कॅन केला. कॅप पहिल्या खेपेला बसली. झुरिकमध्ये मोरमान आणि ब्रँडेस्टिनी यांनी १९८५ साली पेशंट खुर्चीत असतानाच दाढ स्कॅन करून सिरॅमिकचं भरण बसवलं होतं. त्याचं मोल मला त्या फोनवर कळलं.

धातूऐवजी झिरकोनियाची कॅप करायचं तंत्र वेगळंच. मशीनमधून निघालेली कॅप खडूसारखी पांढरी, ठिसूळ आणि मुद्दाम वीस-पंचवीस टक्के मोठी असते. नवीन मुलगी ती चिमटीत धरून रडवेली झाली होती, “दादा, ही केवढी ढगळ आली!” सुमारे १५०० अंशांच्या भट्टीतून ती कॅप आकसून निघाली. प्रिंटरवर काढलेल्या रेझिनच्या मॉडेलवर सकाळी तिनंच ती बसवली. नखानं कड चाचपली, नख कुठे अडकलं नाही.

तेच डॉक्टर हल्ली स्कॅन झाल्या झाल्या स्वतः फोन करतात. “फाइल पाठवलीय, बघून घ्या. पेशंटला सोडू ना?”