इसारपावतीचा धंदा
आपल्याकडे सौदा ठरला की इसारपावती होते. अमेरिकेत कित्येक लोक अशा कागदाचाच धंदा करतात. त्याला ते ‘होलसेलिंग’ म्हणतात. आता बघा, घर विकत घ्यायचंच नाही. मालकाशी समजा दोन लाख डॉलरांचा करार करायचा आणि त्यातला आपला हक्क दहा हजार घेऊन तिसऱ्याला द्यायचा. भांडवल थोडे लागते, म्हणून नवशिके इकडे वळतात. पण गिऱ्हाईक वेळेत मिळाले नाही, तर टांगून राहतो तो बिचारा मालक! इलिनॉय राज्याने २०१९ साली कायदा बदलून, वर्षात एकाहून अधिक असे सौदे करणाऱ्याला परवाना सक्तीचा केला, तो उगीच नव्हे.

‘शॉर्ट सेल’ निराळा. कर्ज तीन लाख, बाजारभाव अडीच, हप्ते थकलेले. अशा वेळी जप्तीचा खटाटोप टाळण्यासाठी बँक कमी रकमेवर घर सोडायला राजी होते. २००८च्या पडझडीनंतर असे व्यवहार फार झाले. मात्र बँकेच्या होकाराला कधी कधी महिने लागतात, आणि करार दुसऱ्याच्या नावे फिरवायला ती बहुधा मनाई करते. तेव्हा दोन्ही युक्त्या एकाच घरावर चालतील, असे धरू नका.

आणि उरलेले पन्नास हजार? ते माफ झाल्याचे विकणाऱ्याने लेखी घ्यावे. कॅलिफोर्नियात २०११च्या कायद्याने, विक्रीला संमती दिलेल्या बँकेला राहत्या घरावरची ही बाकी सहसा मागता येत नाही; सगळ्या राज्यांत तसे नाही.