बदल्याचा हक्क, माफीचा दर्जा

‘त्यांनी केले, म्हणून आम्ही केले.’ दंगलीनंतर हे वाक्य दोन्ही बाजूंनी ऐकू येते. भिवंडीने मे 1970 मध्ये आणि पुन्हा मे 1984 मध्ये दंगलीची आग सोसली. पण ‘त्यांनी’ म्हणजे नेमके कोणी?

पवित्र कुरआनने अन्यायग्रस्ताचा हक्क नाकारलेला नाही. वाईटाचा मोबदला तेवढाच, त्याहून अधिक नाही. मात्र जो माफ करतो आणि समेट घडवतो, त्याचा मोबदला अल्लाहकडे आहे, असे सूरह शूराची 40वी आयत सांगते. सूरह बनी इस्राईलमध्ये (आयत 33) खून झालेल्याच्या वारसाला हक्क दिला आहे, पण मर्यादा ओलांडू नये अशी ताकीदही आहे. एकाच्या गुन्ह्याचे ओझे दुसऱ्यावर नाही, हे तर त्याच सूरहमध्ये (आयत 15) स्पष्ट आहे. इस्लामपूर्व अरबस्तानात एका खुनासाठी त्या कबिल्यातला कोणीही माणूस मारला जाई. किसासच्या कायद्याने ही प्रथा मोडली. म्हणून एका गल्लीतल्या गुन्ह्यासाठी दुसऱ्या गल्लीतल्या निरपराधाचे दुकान जाळणे हा बदला नव्हे. तो नवा जुलूमच आहे.

आमच्या शहराने हे करूनही दाखवले. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू, मुस्लिम आणि पोलीस एकत्र बसू लागले. नळाचे भांडण असो की अफवा, ती वेळीच कानावर येऊ लागली. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. जुन्या जखमा होत्याच. पण त्यांचा हिशेब शेजाऱ्याकडून वसूल झाला नाही.

ज्याचे घर जळाले, त्याला ‘माफ कर’ असे बजावण्याचा अधिकार मात्र आम्हाला नाही. माफी हा पीडिताचा हक्क आहे. त्याने न्यायालयात दाद मागणे म्हणजे सूड नव्हे. न्याय मिळवून देणे हे शासनाचे आणि समाजाचे काम आहे.

आपल्या घरातली भांडणे याहून लहान असतात, पण जास्त दिवस टिकतात. वाटणीत यंत्रमाग कोणाला किती गेले यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या मुलांच्या निकाहालाही जात नाहीत. अशा वेळी हजरत अबूबकर (रजि.) आठवावेत. मिस्तह हे त्यांचे गरीब नातेवाईक. त्यांचा खर्च तेच चालवत. हजरत आयशा (रजि.) यांच्यावरील खोट्या आळात मिस्तह सामील झाले. पोटच्या लेकीची बदनामी! यापुढे मदत करणार नाही, अशी शपथ हजरत अबूबकरांनी घेतली. तेव्हा सूरह नूरची 22वी आयत उतरली: अल्लाहने आपल्याला माफ करावे असे वाटत असेल, तर आपणही माफ करावे, असा तिचा आशय. त्यांनी मदत पुन्हा सुरू केली.

तीन दिवसांहून अधिक अबोला धरू नये आणि दोघांत उत्तम तो, जो आधी सलाम करतो, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. आपल्यापैकी किती जणांचे ते तीन दिवस कधीच उलटून गेले आहेत? सलामला उशीर झाला असेल, पण तो आजही करता येतो.