उघडून पाहिली का ती प्रत?

२२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरच्या माथ्यावर २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. पश्चिमेकडे उतरलेलं पाणी सावित्रीने पोलादपूरवरून महाडात आणलं, गांधारी नदी आधीच फुगली होती आणि रात्रीपर्यंत महाडच्या बाजारपेठेत तळमजला म्हणून काही उरलं नाही. त्याच दिवशी तळीये गावावर डोंगर आला, पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळेत दरडींनी माणसं नेली. त्या दुःखापुढे कॉम्प्युटरची गोष्ट काढणं लहान वाटेल. तरीही काढतो आहे, कारण पाणी ओसरल्यावर माणूस पुन्हा उभा राहतो तो कागदांच्या आधाराने, आणि आजचे बरेचसे कागद ईमेलमध्येच असतात.

पुरात माल गेलेल्या दुकानदाराचा विम्याचा दावा घ्या. पंचनामा लागतो, फोटो लागतात, आणि ‘माल होता’ हे दाखवायला खरेदीची बिलं आणि बँकेला दर महिन्याला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट लागतं. बिलं पुरवठादारांनी पीडीएफ करून मेलवर पाठवलेली असतात, स्टेटमेंट आपण बँकेला मेलने धाडलेलं असतं. बिरवाडीच्या बाजूला एमआयडीसीत काम घेणाऱ्या छोट्या कंत्राटदाराची कामाची ऑर्डर, दरपत्रक, तक्रार, उत्तर, सगळं मेलवरच असतं. शिवाय जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. पुरात कॉम्प्युटर बुडाला म्हणून ती जबाबदारी बुडत नाही.

आता पहिला प्रश्न: आपले मेल नेमके राहतात कुठे? ब्राउझरमध्ये जीमेल उघडून काम करणाऱ्याचे मेल गूगलकडे असतात. त्याला नव्या कॉम्प्युटरवर पासवर्ड घातला की सगळं दिसतं. अडचण येते ती ओटीपीची. मोबाइलही बुडाला असेल, टॉवर बंद असतील, तर ओटीपी येणार कुठे? त्या जुलैत महाड-पोलादपुरात वीज आणि मोबाइल दोन्ही गेले होते आणि तळीयेची बातमी बाहेर पोचायलाही वेळ लागला. जीमेल दुहेरी सुरक्षेसाठी १० बॅकअप कोड देतं, प्रत्येक ८ अंकी. ते कागदावर लिहून घराबाहेर, भरवशाच्या माणसाकडे ठेवावेत. हे काम पाच मिनिटांचं आहे.

पण स्वतःच्या कंपनीच्या नावाचा मेल पत्ता घेतलेल्यांची गोष्ट वेगळी. स्वस्तातल्या पॅकेजमध्ये सर्व्हरवर जागा थोडी, म्हणून बसवणाऱ्याने आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये ‘पॉप थ्री’ पद्धत लावून दिलेली असते. या पद्धतीत मेल कॉम्प्युटरवर उतरतो आणि तशी सेटिंग असेल तर सर्व्हरवरून पुसला जातो. म्हणजे जगात त्याची एकच प्रत उरते, ती तुमच्या टेबलाखालच्या डब्यात. दुसरी पद्धत ‘आयमॅप’. तिच्यात मूळ प्रत सर्व्हरवर राहते, कॉम्प्युटरवर तिची नक्कल दिसते.

पॉप थ्रीची आणखी एक बाजू फार थोड्यांना ठाऊक असते. ती फक्त इनबॉक्स उतरवते. आपण पाठवलेले मेल ‘सेंट’ फोल्डरमध्ये केवळ त्याच कॉम्प्युटरवर साठतात. सर्व्हरवर जुने मेल राहू देण्याची सोय चालू असली तरी सेंटला तिचा उपयोग नाही. आणि विम्याच्या दाव्याला हवं असलेलं स्टॉक स्टेटमेंट नेमकं सेंटमध्येच असतं. बॅकअप नसेल तर बँकेला किंवा आपल्या सीएला विनंती करावी: आम्ही पाठवलेला तो मेल ‘फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट’ करून परत धाडा. साध्या फॉरवर्डमध्ये मूळ मेलचा माथा, म्हणजे तो कोणत्या सर्व्हरवरून कधी गेला ही नोंद हरवते. अटॅचमेंट म्हणून आला तर ती शाबूत राहते.

बॅकअप असेल तर काय करायचं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक नुकसान पुराने होत नाही, नंतरच्या घाईने होतं.

बॅकअपची डिस्क हाती आली की तिच्यावरची फाइल थेट उघडू नये. आधी नव्या कॉम्प्युटरवर तिची प्रत काढावी, डिस्क बाजूला ठेवावी आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवर करावं. याला दोन कारणं आहेत. आउटलुकची पीएसटी फाइल नुसती उघडली तरी आउटलुक तिच्यात काहीतरी लिहितं, आणि उघडताना वीज गेली तर एकुलती एक फाइल बिघडते. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. दुसरं कारण कायद्याचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे कोर्टात इलेक्ट्रॉनिक नोंद द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेली एक खूण. एक अक्षर बदललं तरी ती बदलते. वाद कोर्टात जाण्याची शक्यता असेल तर मूळ फाइल अस्पर्श राहिलेली बरी.

आउटलुकवाल्यांनी प्रत घेतल्यावर फाइलच्या नावावर उजवी क्लिक करून ‘रीड-ओन्ली’ची खूण काढावी. सीडीवरून आणलेल्या फाइलला ती बऱ्याचदा चिकटलेली असते आणि तेवढ्यावरून आउटलुक फाइल नाकारतं. मग ‘फाइल’ मेनूत ‘ओपन अँड एक्स्पोर्ट’ आणि तिथून ‘ओपन आउटलुक डेटा फाइल’. डावीकडे जुने फोल्डर वेगळ्या झाडासारखे दिसू लागतात. ‘इम्पोर्ट’ हा दुसरा मार्ग जुने मेल नव्यांत मिसळून टाकतो. माझं मत, आधी नुसती उघडून पाहावी, मिसळण्याची घाई करू नये. फाइल उघडतच नसेल तर मायक्रोसॉफ्टचंच ‘स्कॅनपीएसटी’ हे दुरुस्तीचं साधन आउटलुकसोबत येतं. ते एकदा चालवून भागत नाही, चुका निघायच्या थांबेपर्यंत पुन्हापुन्हा चालवावं. २००२ पर्यंतच्या आउटलुकच्या फाइलींना २ जीबीची मर्यादा होती आणि ती ओलांडताना अनेक फाइली बिघडल्या. जुन्या पेढ्यांकडे अशा फाइली अजून असतात.

एक फसगत इथे वारंवार होते. बॅकअप म्हणून लोक ‘ओएसटी’ फाइल जपून ठेवतात. ती त्या कॉम्प्युटरवरच्या त्या खात्याची तात्पुरती नक्कल असते. दुसऱ्या कॉम्प्युटरवर आउटलुक ती सरळ उघडून देत नाही. २०१३ पासूनच्या आउटलुकमध्ये आयमॅप खात्यांची फाइल हीच असते. त्यातले मेल जपायचे तर आउटलुकमधून पीएसटीत ‘एक्स्पोर्ट’ करूनच जपावे लागतात.

थंडरबर्डची मांडणी मला अधिक सरळ वाटते. ‘हेल्प’मध्ये ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’, तिथे ‘ओपन फोल्डर’ दाबलं की प्रोफाइलचा फोल्डर उघडतो. मेल, पत्ते, पासवर्ड, सेटिंग, सगळं त्या एका फोल्डरात. थंडरबर्ड बंद करून तो अख्खा फोल्डर उचलला की बॅकअप झाला. परत आणताना नव्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड बसवायचं, एकदा उघडून बंद करायचं आणि नव्या प्रोफाइलच्या जागी जुन्यातला ऐवज ठेवायचा. थंडरबर्डची आवृत्ती जुन्याइतकी किंवा त्याहून नवी असावी.

प्रोफाइल मोडलेला असेल, पण आतल्या फाइली वाचल्या असतील, तरी आशा आहे. त्या फोल्डरात ‘इनबॉक्स’ नावाची एक मोठी फाइल दिसते, तिच्या नावाला पुढे शेपूट नाही. शेजारी ‘इनबॉक्स डॉट एमएसएफ’ अशी छोटी फाइल असते. छोटी ही नुसती सूची, ती गेली तरी थंडरबर्ड नवी करून घेतं. मोठी फाइल म्हणजे तुमचे मेल, ‘एमबॉक्स’ पद्धतीने एकाखाली एक जोडलेले. नोटपॅडसारख्या साध्या प्रोग्राममध्ये तिची प्रत उघडली तर प्रत्येक मेलच्या आरंभी ‘फ्रॉम’ने सुरू होणारी ओळ, खाली पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख, विषय, मग मजकूर असं वाचता येतं. अटॅचमेंट मात्र अक्षरांच्या लांबच लांब ओळींत गुंडाळलेली दिसते. थंडरबर्ड बंद असताना ही मोठी फाइल, नाव थोडं बदलून, नव्या प्रोफाइलच्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये टाकली आणि थंडरबर्ड उघडलं की त्या नावाचा फोल्डर मेलसकट हजर होतो. पैसे भरून कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं लागत नाही. गूगलची ‘टेकआउट’ सोयसुद्धा जीमेलचे मेल याच एमबॉक्स पद्धतीत देते, म्हणून तेही थंडरबर्डमध्ये पाहता येतात.

मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फॉन्टमध्ये टाइप केलेल्या वर्डच्या फाइली जुन्या मेलना जोडलेल्या असतात. मेल सुखरूप परत येतो, जोडलेली फाइल उघडतेही, पण नव्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसल्याने समोर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. ‘फाइल खराब झाली’ म्हणून लोक ती पुसतात. पुसू नका, फाइल चांगली आहे. मेलच्या बॅकअपसोबत त्या फॉन्टचीही प्रत ठेवा. शाळा, पतपेढ्या, ग्रामपंचायतींनी तर नक्कीच.

आणि बॅकअप मुळीच नसेल, फक्त गाळाने भरलेला डबा असेल तर? तो चालू करून पाहू नये, हा एक नियम पाळला तरी निम्मं काम झालं. हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यातून गढूळ पाणी आत शिरतं. आतल्या चकत्या आणि त्यांच्यावरून फिरणारा हेड यांत केसाहूनही कितीतरी कमी अंतर असतं. गाळ असताना वीज दिली की चकत्या खरवडल्या जातात आणि मग कोणालाच काही करता येत नाही. हेअर ड्रायर नको, उन्हात वाळवणं नको, दुकानात उघडून पुसणं तर अजिबात नको. गाळ आत वाळला की घट्ट चिकटतो. म्हणून डिस्क काढून, ओली असेल तशीच प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून मुंबई-पुण्याच्या डेटा रिकव्हरी करणाऱ्या प्रयोगशाळेत धाडावी. खर्च मोठा असतो आणि यशाची हमी कोणी प्रामाणिक माणूस देत नाही.

माझं म्हणणं मात्र या सगळ्याच्या अलीकडचं आहे. प्रत काढून ठेवणारे आता बरेच आहेत, ती परत उघडून पाहणारे फार थोडे. आपल्याकडचा शेतकरी भाताचं बियाणं पेरण्याआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि आठवड्याने किती कोंब आले ते मोजतो. ८० च्या खाली आले तर ते बियाणं शेतात जात नाही. मेलचा बॅकअपही असाच मे महिन्यात, दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर उघडून तपासायला हवा. सर्वांत जुना मेल कोणत्या तारखेचा दिसतो? प्रत्येक वर्षातला एक मेल अटॅचमेंटसकट उघडतो का? सेंट फोल्डर आहे का? पत्ते आले का? शोध लगेच चालला नाही तर घाबरू नये, सूची तयार व्हायला काही तास जातात.

मेल सर्व्हरवर आहेत म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना २०११ च्या फेब्रुवारीची आठवण करून द्यावीशी वाटते. गूगलच्या एका सॉफ्टवेअर बदलातल्या चुकीने काही जीमेल खाती एकाएकी रिकामी दिसू लागली. गूगलने दिलेल्या आकड्यानुसार ती ०.०२ टक्के होती. अनेक डेटा सेंटरांत प्रती होत्या, पण चूक त्या सगळ्यांपर्यंत पोचली होती. मेल परत आले ते चुंबकीय टेपवरून, कारण टेप जाळ्यात जोडलेल्या नव्हत्या. आयमॅपमध्ये आपल्या हातून पुसलेला मेलही असाच सगळीकडून पुसला जातो. जुळवून ठेवलेली नक्कल आणि बॅकअप यांत हा फरक आहे.

राहता राहिला जागेचा प्रश्न. महाडात पावसाळ्यापूर्वी माल पोटमाळ्यावर चढवायची सवय आहे, भोंगा वाजला की उरलेलाही वर जातो. मेलच्या प्रतीला एवढं पुरत नाही. पोलादपूरच्या नातेवाइकाकडे ठेवली तरी नाही, कारण नदी तीच, पाऊस तोच आणि २०२१ ला दोन्ही तालुके एकाच वेळी तुटले होते. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दूर गावी, हा जगभर मानला जाणारा नियम आपल्याला अवघड नाही. दोन्ही तालुक्यांत मुंबईशी नातं नाही असं घर क्वचितच सापडेल. गणपतीला आलेल्या चाकरमान्याबरोबर डिस्क द्यावी म्हटलं तर जुलै उलटून गेलेला असतो. शिमग्याला किंवा मेच्या सुट्टीत आलेल्याबरोबर द्यावी, ‘सेव्हन-झिप’सारख्या मोफत प्रोग्रामने पासवर्ड घालून. पासवर्ड डिस्कवर चिकटवू नये, एवढंच.

दरवर्षी पावसाळ्याआधी तहसील आणि नगरपरिषदेच्या आढावा बैठका होतात. होड्या, दोर, जेसीबी, निवाऱ्याच्या शाळा यांची यादी होते, आणि ती तशीच आधी व्हायला हवी. त्या यादीत शेवटी एक ओळ जोडावी अशी व्यापारी, शाळा आणि ग्रामपंचायतींना विनंती आहे: कार्यालयाच्या मेलची प्रत ३१ मेपूर्वी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिली, आणि ती कोणी पाहिली त्याची सही.