निकाल मुलांचा, कसोटी पालकांची

दहावीच्या निकालाची तारीख एकदा जाहीर झाली की ज्या घरात परीक्षार्थी आहे त्या घरातील बोलणे आपोआप कमी होते. वडील कचेरीतून रजा घेतात किंवा दुपारपुरती सवलत मागून घेतात. आई स्वयंपाकघरात नेहमीपेक्षा अधिक वेळ रेंगाळते. आजी देवापुढे दिवा लावून ठेवते आणि ज्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलासाठी किंवा मुलीसाठी हे सारे चालले आहे ते मूल मोबाइल हाती धरून एका कोपऱ्यात वेळेकडे डोळे लावून बसते. मंडळाच्या संकेतस्थळावर निकाल पाहावयाचा तर बैठक क्रमांकाबरोबर आईचे नावही लिहावे लागते. आईच्या नावाने उघडणारा हा निकाल मग एकट्या मुलाचा राहात नाही. तो सगळ्या घराचा होतो.

मुलांनी अभ्यास कसा करावा, परीक्षेला कसे सामोरे जावे, याविषयी महाराष्ट्रात दरवर्षी पुष्कळ लिहिले आणि बोलले जाते. निकाल घरात कसा स्वीकारावा, याचा विचार मात्र क्वचितच होतो. वस्तुत: उत्तरपत्रिका मार्च महिन्यातच लिहून झालेल्या असतात. निकालाच्या दिवशी मुलाच्या हाती करण्याजोगे काही उरलेले नसते. त्या दिवशी ज्यांच्या वागण्यावर खरोखर काही अवलंबून असते ते पालक होत. त्या अर्थाने ही परीक्षा त्यांचीच असते आणि तिची तयारी बहुसंख्य घरांत मुळीच केलेली नसते.

एके काळी निकाल वर्तमानपत्रांतून कळत असे. बैठक क्रमांकांचे बारीक टाइपातील रकाने छापून येत. त्यांत क्रमांक सापडला तर मूल उत्तीर्ण, न सापडला तर नापास, एवढाच बोध होई. कोणत्या विषयात किती गुण मिळाले हे शाळेतून गुणपत्रिका हाती येईपर्यंत कळत नसे. दोन-चार दिवसांच्या त्या अवकाशात आनंद आणि दु:ख दोन्ही थोडी निवत. गुणवत्ता यादीत झळकलेल्या मुलांची छायाचित्रे, त्यांच्या मुलाखती, पेढा भरविणारे आईवडील हाही त्या काळच्या निकालाचा एक ठरलेला भाग होता. पुढे राज्य मंडळाने गुणवत्ता यादी बंद केली. हेतू निश्चितच स्तुत्य होता. पण मंडळाने बंद केलेली यादी नातेवाइकांनी आणि शेजाऱ्यांनी चालूच ठेवली. आता विषयवार गुण दुपारी कळतात, टक्केवारीचे छायाचित्र काही मिनिटांत कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर जाते आणि ज्या घरातून काहीच आलेले नाही त्या घराची चौकशी सुरू होते. निवण्यासाठी पूर्वी आपसूक मिळणारा वेळ आता कोणी देत नाही. तो पालकांनाच मुद्दाम काढावा लागतो.

टक्केवारी कशी घडते?

ज्या आकड्यावरून घरे हसतात किंवा रडतात तो आकडा किती स्थिर आहे, हे एकदा शांतपणे तपासावयास हवे. २०१८ साली महाराष्ट्रात दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. २०१९ साली तो ७७.१० टक्क्यांवर आला. एका वर्षात बारा टक्क्यांहून अधिक घसरण झाली, म्हणून त्या वर्षीची मुले एकाएकी मंदबुद्धीची झाली होती काय? भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांतील अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण त्या वर्षी काढून घेण्यात आले होते, हे त्या घसरणीचे मुख्य कारण होते. पुढच्या वर्षी ते गुण पुन्हा देण्यात आले. शिवाय टाळेबंदीमुळे भूगोलाची परीक्षा रद्द झाली. २०२० सालचा निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ साली कोविडमुळे परीक्षाच होऊ शकली नाही. नववीचे गुण आणि दहावीचे अंतर्गत मूल्यमापन यांच्या आधारे निकाल तयार करण्यात आला आणि तो ९९.९५ टक्के लागला.

चार वर्षे, चार निकाल आणि मुले मात्र त्याच शाळांतील, त्याच वयाची. २०१९ साली ज्या मुलाने घरच्यांची बोलणी खाल्ली, त्याला वर्षभर आधी किंवा नंतर त्याच अभ्यासावर कदाचित शाबासकी मिळाली असती. याचा अर्थ परीक्षा निरर्थक आहे असा नव्हे. अभ्यासू मूल आणि अभ्यास टाळणारे मूल यांतील फरक कोणत्याही पद्धतीत बराचसा दिसतोच. पण मोजमापाची पट्टी दरवर्षी थोडीफार बदलत असते आणि तिच्यावरील एका रेघेने मुलाची योग्यता कायमची ठरविणे शहाणपणाचे नाही, एवढे तरी यावरून उघड व्हावे.

२०२५ सालच्या निकालाचे आकडेही बोलके आहेत. त्या वर्षी १५ लाख ४६ हजार ५७९ नियमित विद्यार्थ्यांनी परीक्षा दिली आणि १४ लाख ५५ हजार ४३३ उत्तीर्ण झाले. त्यांपैकी ४ लाख ८८ हजार ७४५ जणांना विशेष प्रावीण्य मिळाले, म्हणजे त्यांचे गुण ७५ टक्के किंवा त्याहून अधिक होते. शंभर टक्के गुण मिळविणारे विद्यार्थी २११ होते. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर जागा मिळाली ती या दोनशे अकरांना. द्वितीय श्रेणीत आणि त्याखालील श्रेणीत उत्तीर्ण झालेल्यांची संख्या मात्र ४ लाख ६९ हजारांवर होती आणि सुमारे ९१ हजार विद्यार्थी अनुत्तीर्ण झाले. म्हणजे साडेपाच लाखांहून अधिक घरांत त्या दुपारी एक तर दु:ख होते किंवा मिठाई आणावी की न आणावी असा संकोच होता. या घरांविषयी कोणी लिहीत नाही. ५५ टक्के मिळविलेल्या मुलाचे कोणी अभिनंदन करीत नाही आणि सांत्वनही करीत नाही. 'पास झाला ना, बरे झाले' एवढ्यावर त्याची बोळवण होते. वर्षभराच्या श्रमाची ही पावती त्या वयात फार बोचते.

भीतीचे मूळ

पालकांना केवळ दोष देऊन भागणार नाही. त्यांच्या रागाच्या आणि निराशेच्या तळाशी बहुधा भीती असते आणि ती भीती अगदीच निराधार नसते. मर्यादित पगारात घर चालविणाऱ्या कारकुनाने किंवा शिक्षकाने मुलाच्या शिकवणीसाठी सोसायटीचे कर्ज काढलेले असते. आपल्या हयातीत जी थोडी पायरी चढता आली ती शिक्षणामुळे, हे त्याने अनुभवलेले असते. मुलगा या पायरीवरून घसरला तर त्याला सावरण्यासाठी आपल्याजवळ शेत नाही, दुकान नाही, ओळखीपाळखी नाहीत, हेही त्याला ठाऊक असते. नावाजलेल्या महाविद्यालयाची जागा एखाद्या टक्क्याने हुकते, हेही खरे आहे.

तथापि, अकरावीची जागाच मिळणार नाही ही भीती मात्र वस्तुस्थितीला धरून नाही. २०२५ साली अकरावीचे प्रवेश प्रथमच साऱ्या राज्यात एकाच केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने झाले, तेव्हा उपलब्ध जागा उत्तीर्ण विद्यार्थ्यांपेक्षा बऱ्याच अधिक होत्या. टंचाई आहे ती मूठभर प्रतिष्ठित महाविद्यालयांतील जागांची. त्या मूठभर जागांसाठी लाखो घरांनी स्वत:ला पराभूत मानावे, हा हिशेबच चुकीचा आहे.

भीती खरी असली तरी ती मुलाच्या स्वाधीन करून पालक मोकळे होऊ शकत नाहीत. प्रौढ माणसाजवळ अपयश पचविण्याचा काही अनुभव असतो. पंधरा वर्षांच्या मुलाजवळ तो नसतो. वडिलांचा क्षणिक संताप हा त्याला कायमचा निवाडा वाटतो आणि आईचे रडणे हा आपणच केलेला अपराध वाटतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३ हजार ४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यवार यादीत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. यातील प्रत्येक मृत्यू निकालामुळे झाला असे नाही. आत्महत्येला एकच कारण सहसा नसतेही. परंतु निकालाच्या आगेमागे मूल एकाएकी अबोल झाले, जेवणखाण आणि झोप तुटली, 'माझा काही उपयोग नाही' अशी भाषा तोंडी येऊ लागली, तर ते नाटक समजून झटकून टाकण्याचा अधिकार कोणत्याही पालकाला नाही. अशा वेळी मुलाला एकटे न ठेवता त्याच्याशी सरळ बोलावे आणि जाणत्यांची मदत घ्यावी. २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. निकालाच्या काळात मंडळही समुपदेशक नेमते.

पहिल्या दुपारचे वागणे

मग पालकांनी करावे तरी काय? पहिली गोष्ट, निकालापूर्वीच आईवडिलांनी एकमेकांशी बोलून ठेवावे. निकाल मनासारखा लागला नाही तर 'तुमच्या लाडाने बिघडला' आणि 'तू कधी लक्ष दिलेस?' अशी जी चकमक घराघरांतून झडते, तिचा सर्वांत मोठा घाव मुलावरच बसतो. दुसरी गोष्ट, त्या दिवशी खर्चाचा हिशेब आणि मावसभावाचे गुण या दोन विषयांना घरात बंदी असावी. तिसरी गोष्ट, नातेवाइकांचे दूरध्वनी पालकांनी स्वत: घ्यावेत आणि मुलाचे गुण कोणाला सांगावयाचे याचा निर्णय शक्यतो मुलावर सोपवावा. खोटा आनंदही दाखवू नये. मुलांना तो लगेच कळतो. 'वाईट वाटले, मलाही वाटले. पुढे काय करावयाचे ते दोन दिवसांनी ठरवू' एवढे साधे आणि खरे वाक्य पुरेसे असते.

असे वागल्याने शिस्त बिघडेल, मुले निर्ढावतील, असा आक्षेप अनेक पालक घेतात. त्यात थोडे तथ्यही आहे. ज्या मुलाने वर्ष वाया घालविले, त्याला त्याचा जाब द्यावाच लागेल. पण जाब विचारण्याला वेळ असते. निकालाच्या आठवडाभरानंतर गुणपत्रिका समोर ठेवून, विषयवार, आवाज न चढविता केलेली चौकशी मुलाच्या उपयोगी पडते. निकालाच्या दुपारी केलेला तोच प्रश्न केवळ शिक्षा ठरतो आणि शिक्षेतून गणित सुधारल्याचे कोणी पाहिलेले नाही.

या कामी समाजानेही थोडा हात आखडता घ्यावा. कचेरीतील सहकाऱ्याच्या मेजाशी जाऊन 'किती पडले?' असे विचारणे ही आपुलकी नव्हे. शाळांनी गुणपत्रिका वाटपाच्या दिवशी पहिल्या दहांचा सत्कार अवश्य करावा, परंतु ज्या मुलाने सहामाहीत गणितात १५ गुण मिळविले होते आणि अखेरीस ४० मिळविले त्याचेही नाव वर्गशिक्षकाने घ्यावे. शिक्षकाच्या तोंडचे असे एक वाक्य घरातील वातावरण पालटू शकते, कारण पालक शिक्षकाचा शब्द अजूनही मानतात.

निकालानंतरचे मार्ग पूर्वीपेक्षा आज अधिक मोकळे आहेत आणि पालकांनी ते आधीच माहीत करून घ्यावयास हवेत. गुणांविषयी शंका असेल तर गुणपडताळणी करता येते. उत्तरपत्रिकेची छायाप्रत घेऊन ठरलेल्या मुदतीत पुनर्मूल्यांकनही मागता येते. एक किंवा दोन विषयांत अनुत्तीर्ण झालेल्यास सवलतीने अकरावीत प्रवेश मिळतो. पदविका अभ्यासक्रमासाठी तंत्रनिकेतनाची पात्रता ३५ टक्क्यांची आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील काही व्यवसायांना दहावी अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांनाही प्रवेश दिला जातो. पूर्वी नापास मुलाला ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत थांबावे लागे आणि त्याच्या 'ऑक्टोबरच्या वारी'ची गावभर थट्टा होई. २०१५ सालापासून निकालानंतर थोड्याच आठवड्यांत पुन्हा परीक्षा घेतली जाऊ लागली, त्यामुळे वर्ष वाचू शकते.

मात्र हे वर्ष वाचणे केवळ शासनाच्या वेळापत्रकाने साधत नाही. निकाल आणि पुरवणी परीक्षा यांच्यामधील त्या चार-सहा आठवड्यांत मुलाला पुन्हा त्याच पुस्तकांपुढे बसावयाचे असते, ज्या विषयाने हार दिली त्याच विषयाशी पुन्हा झुंजावयाचे असते. घरात रोज टोमणे ऐकणारे मूल पुस्तक उघडून नुसते बसून राहते. आपल्यावरचा विश्वास घरच्यांनी काढून घेतलेला नाही अशी ज्याची खात्री असते, तेच मूल पुन्हा अभ्यासाला लागते. मंडळाने दिलेली दुसरी संधी मुलाच्या पदरात पडावयाची की वाया जावयाची, हे पुष्कळ अंशी निकालाच्या त्या पहिल्या दुपारी पालक काय बोलले यावर ठरते.