चिंगीसाठी स्थळ पाहताना

लग्नाचे स्थळ पाहणे ही आपल्याकडची जुनी, मुरलेली विद्या आहे. घराणे, स्वभाव, नोकरी, राहती जागा, सारे विचारून झाल्याशिवाय बोलणी पुढे सरकत नाहीत. पण रस्त्यावरून उचललेल्या कुत्र्याला घर द्यायची वेळ आली की हीच चौकस माणसे, "कुणीही घेऊन जा, दोन वेळची पोळी मिळाली म्हणजे झाले," असे म्हणून मोकळी होतात. कुत्र्याला घर मिळवून देणे हेही स्थळ पाहण्याइतकेच जबाबदारीचे काम आहे, आणि कुत्रे खेळकर असेल तर अधिकच, असे माझे मत बनले आहे. ते का, हे येथे थोडक्यात मांडतो.

चिंगी आमच्या वसतिगृहात गेल्या पावसाळ्यात आली. वाहनाच्या धक्क्याने तिचा मागचा पाय मोडला होता. पाय बरा झाला, पण तोवर तिला माणसांची सवय लागली. रंग मातकट, वजन ७ किलो, वय दीडेक वर्ष, आणि जात म्हणाल तर अस्सल गावठी. उन्हाळ्याच्या सुटीत वसतिगृह बंद होते. म्हणजे परीक्षा संपण्याच्या आत तिला घर मिळणे भाग होते. कुत्र्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात. माणसाच्या हातचे खायला शिकलेले लहानखुरे कुत्रे परक्या हद्दीत सोडून देणे म्हणजे त्याला मरणाच्या दारात नेऊन ठेवण्यासारखे आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशात १९६० मध्ये झाला. जनावराला उपाशीतापाशी टाकून निघून जाणे हाही त्यात गुन्हा ठरला. पण पहिल्या गुन्ह्याला मूळ दंड होता जास्तीत जास्त ५० रुपये. तेव्हा कायद्याच्या धाकावर विसंबून चालत नाही. घर आधीच पारखून घ्यावे लागते.

स्थळ पाहायचे तर पत्रिका हवी. कुत्र्याची पत्रिका म्हणजे लसीकरणाचे कार्ड. रेबीजची पहिली लस साधारण तिसऱ्या महिन्यात देतात, दुसरी वर्षाने, आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस काय आणि कुत्रा काय, वाचणे जवळजवळ अशक्यच. म्हणून येथे चालढकल नको. डिस्टेंपर आणि पार्वो या रोगांच्या लशी वेगळ्या. पोटातल्या जंतांचे औषधही द्यावे लागते.

यानंतरचा प्रश्न मादीचा. "कुत्री आहे? मग नको बुवा!" हे उत्तर आम्ही अनेकदा ऐकले. त्यामागची भीती खोटी नाही. मादी सहा-सात महिन्यांनी माजावर येते, गर्भ सुमारे ६३ दिवसांचा असतो, आणि एका कुत्रीला घर शोधता शोधता पाच पिलांना शोधण्याची पाळी येते. यावर उपाय एकच, नसबंदीची शस्त्रक्रिया. आम्ही वर्गणी काढून ती आधीच करून घेतली. त्यामुळे नकार देणाऱ्यांचे एक मोठे कारण उरले नाही.

आता खेळकरपणाविषयी. पुढचे पाय जमिनीला टेकवून आणि मागचा भाग उंच ठेवून कुत्रे समोर उभे राहते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. मार्क बेकॉफ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या नमनाविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'आता मी जे करीन तो खेळ आहे, भांडण नव्हे,' असा त्याचा अर्थ. खेळात धावणे, झेपावणे, तोंडात धरणे हे सारे शिकारीतलेच असते. नमनाने त्याचा अर्थ पालटतो. दात किती जोराने लावायचे हेही पिलू भावंडांशी खेळताना शिकते. जोरात चावले की भावंड केकाटते आणि खेळ थांबतो, हाच त्याचा धडा.

गोम अशी की, जो खेळकरपणा पाहून माणसे कुत्रे पसंत करतात, तोच पुढे ते परत करण्याचे कारण ठरतो. पाहुणे दहा मिनिटे बसतात, चिंगी चेंडू आणून देते, सर्वजण खूश होतात. पण चेंडू आणणारी ऊर्जा पाहुणे गेल्यावर संपत नाही. सकाळ-संध्याकाळ तिला फिरायला नेले नाही, दिवसभर एकटे कोंडले, तर तीच ऊर्जा चपला, उशा आणि दाराच्या चौकटी यांवर खर्च होते. मग लोक कुत्र्याला 'खोडकर' म्हणतात. वस्तुतः ते रिकामे असते.

म्हणून जाहिरात खरी हवी. माझ्या एका मित्राने लिहिलेल्या मसुद्यात चिंगी 'प्रेमळ, समंजस आणि आज्ञाधारक' होती. आम्ही तो बदलून असा केला : 'वजन ७ किलो, लसी व नसबंदी झालेली. खेळायला फार आवडते. कुकरची शिट्टी झाली की भुंकते. चपला उंचावर ठेवाव्या लागतील.' चौकशा कमी आल्या, पण ज्या आल्या त्या विचार करून आल्या.

येणाऱ्यांना आम्ही ठरावीक प्रश्न विचारत असू. घरातल्या सर्वांची संमती आहे का? दिवसातून किती तास घर बंद असते? गावाला गेलात तर तिला कोण पाहील? घर भाड्याचे असेल तर मालकाला विचारले आहे का? कुत्र्याशिवाय स्वर्गात पाऊल टाकायला धर्मराजाने नकार दिला. पण त्याला घरमालकाशी गाठ घालायची नव्हती! सोसायट्यांना पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे, हे आम्ही आवर्जून सांगत असू.

पहिले स्थळ एका बंगल्याचे. त्यांना राखणदार हवा होता, दिवसभर साखळीला बांधलेला. आम्ही नम्रपणे नकार दिला. दुसऱ्या घरी दोन वर्षांचे मूल होते. नुकतेच धड चालू लागलेले मूल आणि अंगावर झेपावणारी चिंगी यांचे जमले नसते, हे त्या आईलाच पटले. तिसरे स्थळ एस. टी. तून निवृत्त झालेल्या एका चालकांचे. रोज पहाटे चार किलोमीटर चालणारे. काकूंनी मात्र स्पष्ट बजावले, "मी तिचे काहीही करणार नाही." आम्ही पंधरा दिवसांची बोली केली, आणि एक अट घातली : जमले नाही तर रस्त्यावर सोडायचे नाही, आम्हाला कळवायचे; सुटी असली तरी आम्ही येऊ.

नव्या घरी पहिले काही दिवस कुत्रे बुजते, खात नाही, कोपरा धरते. त्या काळात पाहुणे गोळा करू नयेत, अंघोळ घालू नये, जेवणाची वेळ बदलू नये. पूर्ण रुळायला काही महिनेही लागतात. चिंगीने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही. पाचव्या दिवशी काकूंचा फोन आला : "अहो, ही चेंडू घेऊन स्वयंपाकघरात येते. हिला दहीभात चालतो का?"

चालतो, असे मी सांगितले. फक्त कांदा आणि चॉकलेट कधीही देऊ नका, त्यांची कुत्र्यांना विषबाधा होते. पंधरा दिवसांची मुदत कधी संपली, याची आठवण त्या घरी कुणी काढली नाही. कुत्र्यावर प्रेम करणारी माणसे पुष्कळ भेटतात. ज्याच्या रोजच्या दिवसात त्याला जागा आहे असा माणूस शोधावा लागतो, आणि त्यासाठी प्रश्न विचारण्याचा संकोच सोडावा लागतो.