मेजर रीड यांचे पीतज्वरविषयक प्रयोग व संमतिपत्राची भाषा

इ. स. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात रणांगणावर पडलेल्या अमेरिकन सैनिकांची संख्या ४०० हून कमी होती. रोगाने मात्र २,००० हून अधिक बळी घेतले. त्यांपैकी पुष्कळ मृत्यू विषमज्वराचे असून ते अमेरिकेतील छावण्यांतच घडले. तथापि क्यूबा ताब्यात आल्यावर तेथील सैन्यास खरी धास्ती होती ती पीतज्वराची. या रोगावर मिळविलेल्या ताब्याचा इतिहास सामान्यतः वैद्यकाचा विजय म्हणून सांगितला जातो. परंतु त्यातील एक कागद भाषेच्या अभ्यासकासही विचारात पाडणारा आहे. तो म्हणजे प्रयोगास तयार झालेल्या माणसांचे संमतिपत्र.

ज्वर, कावीळ आणि रक्तामुळे काळी झालेली वांती ही या रोगाची लक्षणे होत. त्याची नावेही लक्षणांवरूनच पडली. स्पॅनिशमध्ये ‘पिवळा ताप’ व ‘काळी वांती’ अशा अर्थाची नावे रूढ होती. मराठीतील ‘पीतज्वर’ हा शब्दही त्याच वळणाचा आहे. अशा नावांवरून रोग कसा दिसतो हे कळते. तो कसा पसरतो हे कळत नाही. रोग्याच्या कपड्यांतून व अंथरुणांतून तो पसरतो, हा समज त्या काळी दृढ होता. हवाना येथील डॉ. कार्लोस फिन्ले यांनी १८८१ मध्ये निराळी उपपत्ती मांडली: विशिष्ट जातीचा डास हा रोग वाहून नेतो. निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी ‘गृहीतक म्हणून’ अशी मर्यादा घातली होती. त्यांचे प्रयोग निर्णायक ठरले नाहीत आणि ती उपपत्ती जवळजवळ वीस वर्षे उपेक्षित राहिली.

जून १९०० मध्ये लष्करी वैद्य मेजर वॉल्टर रीड यांच्या अध्यक्षतेखाली चौघांचे मंडळ क्यूबात आले. जेम्स कॅरोल, जेसी लेझिअर आणि जन्माने क्यूबन असलेले आरिस्तिदेस आग्रामोंते हे इतर तिघे सदस्य होत. फिन्ले यांनी आपल्याजवळची डासांची अंडी मंडळास दिली. ऑगस्टमध्ये कॅरोल यांनी स्वतःस डास चाववून घेतला. ते मरणाच्या दारातून परतले. लेझिअर मात्र २५ सप्टेंबर रोजी पीतज्वराने निवर्तले. या अनुभवांवरून व टिपणांवरून एक गोष्ट स्पष्ट झाली. डासाने रोग्यास आजाराच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच चावले पाहिजे, आणि नंतर त्याच्या शरीरात सुमारे १२ दिवस लोटले पाहिजेत. फिन्ले यांच्या प्रयोगांत हा अवधी पुरता भरत नव्हता.

हा रोग जडेल असा कोणताही प्राणी त्या वेळी ज्ञात नव्हता. म्हणून पडताळा माणसांवरच घेणे भाग होते. नोव्हेंबरमध्ये हवानाजवळ लेझिअर यांच्या नावाने छावणी उभारण्यात आली. एका घरात काही स्वयंसेवक रोग्यांच्या मळक्या अंथरुणांत २० रात्री झोपले. कोणासही रोग झाला नाही. दुसरे घर स्वच्छ होते, परंतु जाळीने दुभागलेले होते. डासांच्या भागात गेलेला माणूस आजारी पडला. जाळीपलीकडचे निरोगी राहिले.

या प्रयोगांसाठी अमेरिकन सैनिकांबरोबरच स्पेनहून नुकतेच आलेले गरीब मजूरही घेतले होते. त्यांच्याशी स्पॅनिश व इंग्रजी या दोन्ही भाषांत लेखी करार झाला. मोबदला १०० डॉलर सोन्याच्या नाण्यांत, आणि रोग जडल्यास आणखी १००. लेखी संमतीच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते, आणि ती योग्यच आहे. मजुरास त्याच्या भाषेत धोका सांगण्याची गरज रीड यांना वाटली, हे थोडे नव्हे.

परंतु त्यातील वाक्यरचना पाहावी. रोग जडल्यास जीव ‘काही अंशी’ धोक्यात येतो, असे पत्र म्हणते, आणि लगेच पुढे सांगते की या बेटावर राहता रोग टाळणे सर्वथा अशक्यच असल्याने सही करणारा छावणीतील उत्तम शुश्रूषा पसंत करीत आहे. पहिल्या वाक्यांशात धोका सौम्य होतो. दुसऱ्यात तो अटळ ठरतो. वास्तविक रोग टाळता येतो की नाही, हेच तर प्रयोगाने ठरावयाचे होते! प्रयोग यशस्वी होताच ते विधान खोटे ठरले. मेजर विल्यम गॉर्गस यांनी १९०१ मध्ये हवानातील डासांची पैदास बंद पाडली आणि त्या वर्षाच्या सप्टेंबरनंतर शहरातून पीतज्वर नाहीसा झाला. छावणीतील प्रयोगांत आजारी पडलेले सर्वजण बरे झाले, हे सुदैव. त्याने भाषेतील दोष भरून निघत नाही.

पीतज्वराने भारतात कधी मूळ धरले नाही. त्याचा वाहक असलेला एडीस डास मात्र येथे आहे व डेंग्यू पसरवितो. आज भारतात वैद्यकीय प्रयोगाचे संमतिपत्र सहभागी व्यक्तीस समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक आहे, आणि इंग्रजी मसुद्यांची मराठी रूपांतरे नित्य होत असतात. शब्द कळणे ही संमतीची पहिली पायरी झाली. वाक्याची मांडणी माणसास निर्णय करू देते, की निर्णय आधीच करून ठेवते, ही कसोटी भाषांतरकाराने त्यानंतर लावावयाची असते.